सोलापूरची निवडणूक समजून घ्यायचीय? फेसबुक, गूगल, फॉर्म २० आणि दारोदारचा सर्व्हे: कशावर किती वेळ घालवायचा

निवडणुकीचं वारं वाहायला लागलं की सोलापुरात तीन प्रकारच्या लोकांना एकदम 'डेटा' हवा असतो. पहिले म्हणजे विद्यापीठात राज्यशास्त्र किंवा पत्रकारिता करणारे विद्यार्थी. यांच्या प्रकल्पाचा विषय ठरलेला, 'सोशल मीडियाचा मतदारांवर प्रभाव'. दुसरे यूट्यूबवर बातम्यांचं चॅनेल चालवणारे. आणि तिसरे प्रभागातून तिकीट मागणाऱ्याचे भाऊ-भाचे. त्यांच्यासमोर कुणीतरी एजन्सीवाला लॅपटॉप उघडून बसलेला असतो आणि तुमच्या साहेबांचं 'पॉझिटिव्ह सेंटिमेंट' किती टक्के आहे, ते रंगीत तक्त्यांवर दाखवत असतो.

तिघांकडेही वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. कोण निवडून येईल हे कळायला सोशल मीडियाचा उपयोग जवळजवळ शून्य. कोण कुणाविषयी काय पसरवतंय, त्यामागे पैसा कुणाचा लागलाय आणि लोक कशावरून चिडलेत, हे कळायला मात्र त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. आणि या दोन्हींच्या आधी निवडणूक आयोगाचे जुने बूथनिहाय आकडे, म्हणजेच 'फॉर्म २०', घेऊन बसावंच लागतं. ते काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

सहा महिन्यांत फिरलेला निकाल

सोलापूर लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ला झालं. काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना ६,२०,२२५ मतं पडली, भाजपचे राम सातपुते यांना ५,४६,०२८. मताधिक्य ७४,१९७. या मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग येतात: शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा या सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या. उरलेली मोहोळ शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली. ज्या शहर मध्यमधून प्रणिती शिंदे तीन वेळा आमदार झाल्या होत्या, तिथे भाजपचे देवेंद्र कोठे ४८ हजारांहून जास्त मतांनी आले आणि दुसऱ्या क्रमांकावर एमआयएम राहिली.

मतदार तेच, मोबाईल तेच, फेसबुकचे ग्रुपही तेच. बदलले ते उमेदवार, आघाड्यांतली ओढाताण आणि मधल्या काळात आलेली लाडकी बहीण योजना. यातलं काय आणि किती चाललं यावर वाद घालता येईल. पण पेजचे फॉलोअर मोजून हा पालटा आधी दिसला असता, असं कुणी म्हणत असेल तर त्याला मे महिन्यात काय दिसत होतं ते विचारा.

आणखी एक गोष्ट. लोकसभेच्या त्या ७४ हजारांच्या मताधिक्याची फोड विधानसभानिहाय केली तर मोहोळ आणि पंढरपूर या दोनच भागांतली आघाडी एकूण मताधिक्यापेक्षा मोठी निघते. शहर उत्तर आणि अक्कलकोटमध्ये भाजप पुढे होता, म्हणून बेरीज खाली आली. म्हणजे निकाल ठरला मोहोळ-पंढरपूरच्या गावांत. आणि फेसबुकवर 'सोलापूरचं राजकारण' म्हणून जे दिसतं ते बहुतेक सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोड एवढ्यातलं असतं. तुम्ही ज्या खिडकीतून बघताय ती कुठल्या रस्त्यावर उघडते, हे आधी तपासायला हवं.

सोशल मीडिया: बोलतंय कोण, आणि कुठून?

सोलापूरच्या कुठल्याही मोठ्या पेजवर विमानसेवेची पोस्ट उघडा. कमेंट करणाऱ्यांत सोलापूर सोडून पुण्यात नोकरीला गेलेली मंडळी किती दिसतील ते बघा. शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेस पकडून येणारी ही पिढी गावाविषयी भरभरून बोलते. आणि बोलावंच, गाव त्यांचंही आहे. पण त्यांच्यातल्या कित्येकांचं नाव आता हडपसर नाहीतर पिंपरीच्या यादीत आहे. १५ जून २०२३ला विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा 'बरं झालं' म्हणणारे आणि 'शेतकऱ्याचं वाटोळं केलं' म्हणणारे दोन्ही आवाज होते. पण ऊस घालणारा सभासद कमेंट टाकत बसत नाही. तो कारखान्याच्या सभेला जातो. पडद्यावर एक बाजू जड दिसते ती यामुळे, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती सरळ करून देत नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि सोलापुरात ती महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांपेक्षा जास्त आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, विजापूर वेस-नई जिंदगीकडे दखनी उर्दू आणि या सगळ्यांवर मराठी. आणि टाईप करताना हे सगळं रोमन लिपीत, स्पेलिंग ज्याचं त्याचं. एका कमेंटमध्ये तीन भाषा येतात. त्यात आमची बोलायची तऱ्हा अशी:

"साहेबांनी लई विकास केला की बे, आमच्या गल्लीत आता होडी चालती."

'विकास' आहे, 'लई' आहे, 'साहेब' आहे. यंत्र ही कमेंट खुशाल पॉझिटिव्हच्या खान्यात टाकून मोकळं होतं. एजन्सीचा तक्ता बघायला मिळाला तर एकच करा: त्यातल्या पॉझिटिव्ह म्हणून मोजलेल्या पन्नास कमेंट मागा आणि स्वतः वाचा. पन्नास कमेंट द्यायला जो कां-कूं करेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

हे फक्त सोलापूरचं रडगाणं नाही. जर्मनीत २००९च्या निवडणुकीनंतर एक अभ्यास गाजला. ट्विटरवर पक्षांचा उल्लेख ज्या प्रमाणात झाला, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांना मतं मिळाली, असा त्याचा दावा होता. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की त्या मोजणीत पायरेट पार्टी घेतलेलीच नव्हती. ती घेतली असती तर ट्विटरवर तीच पहिली आली असती. प्रत्यक्षात तिला २ टक्के मतं पडली होती. इंटरनेटवरच्या पोरांचा पक्ष इंटरनेटवर पहिला आला, यात नवल काय?

मग या सगळ्याचा उपयोग कशाला? विषय शोधायला. पाणी किती दिवसांआड येतंय, कुठल्या नगरात ड्रेनेज फुटलंय, कुणाच्या भाषणाची कुठली क्लिप फिरतेय आणि ती कुठे कापलीय, हे इथे सगळ्यात आधी कळतं. त्यातही यूट्यूब मला उजवं वाटतं. स्थानिक चॅनेलवाला गल्लीत माईक घेऊन उभा राहतो तेव्हा मागे उभे असलेले लोकही बोलतात, आणि खालच्या कमेंट कुणालाही वाचता येतात. विद्यार्थ्यांसाठी तर यूट्यूबचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅम लिहून माहिती उतरवून घ्यायची सोय, रोजच्या ठराविक मर्यादेत फुकट आहे. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर शे-दोनशे व्हिडिओंच्या कमेंट सहज उतरवता येतात. एक्सने (पूर्वीचं ट्विटर) २०२३मध्ये अशी फुकटची वाट बंद केली आणि सोलापूरच्या प्रभागाविषयी तिथे असतंच किती? मेटाचं, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचं, पोस्ट कुठे किती पसरल्या ते दाखवणारं क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ला बंद पडलं. त्याच्या जागी आलेली कंटेंट लायब्ररी संशोधन संस्थांमार्फत अर्ज केल्यावरच मिळते. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याने तिच्या भरवशावर प्रकल्प ठरवू नये. गाईडकडून अर्ज करून घ्यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

व्ह्यूजचं म्हणाल तर ते बघायचे आणि विसरून जायचे. दोन लाख व्ह्यूज असलेल्या मुलाखतीतले किती जण प्रभाग सोडा, जिल्ह्यातले तरी आहेत, ते चॅनेलच्या मालकाला आतून दिसतं. बाहेरच्याला दिसत नाही.

जाहिरातींची लायब्ररी: हे मात्र बघाच

ऑनलाइन साधनांत सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि मला सगळ्यात आवडणारं साधन म्हणजे मेटाची ॲड लायब्ररी. फेसबुक-इन्स्टाग्रामवर भारतात राजकीय जाहिरात द्यायची तर २०१९पासून ओळख पटवावी लागते आणि पैसे कुणी भरले ते जाहिरातीवर दाखवावं लागतं. या जाहिराती सात वर्षं जपून ठेवल्या जातात. फुकट, खातं नसलं तरी बघता येतात.

एका जाहिरातीवर काय काय सापडतं बघा. वर पेजचं नाव, त्याखाली पैसे भरणाऱ्याचं नाव. जाहिरात कधी सुरू झाली, कधी थांबली. खर्च, पण नेमका आकडा नाही, अमुक ते अमुक रुपये असा टप्पा. किती वेळा दिसली, तोही टप्पाच. मग बघणाऱ्यांत बायका किती, पुरुष किती, कुठल्या वयाचे. आणि कुठल्या राज्यातले.

राज्यातले! जिल्हा नाही. म्हणजे 'महाराष्ट्र ९८ टक्के' एवढं कळतं, त्यात सोलापूर किती ते कळत नाही. तिथे मजकूरच वाचावा लागतो. जाहिरातीत कुठलं गाव, कुठला चौक, कुठला नेता आहे त्यावरून ती कुणासाठी आहे हे ओळखायचं.

खरी गंमत उमेदवाराच्या पेजवर नसतेच. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडियाची खाती लिहून द्यावी लागतात. ती यादी आधी काढून घ्या. मग लायब्ररीत त्याचं नाव शोधा आणि त्या यादीत नसलेली पेजेस कुठली निघतात ते बघा. 'आपलं अमुक', 'तमुकचा आवाज' अशा नावांची, निवडणुकीच्या तोंडावर जन्मलेली पेजेस. त्यांना पैसे कोण देतं? विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख अशी खर्चाची मर्यादा २०२२पासून आहे आणि सोशल मीडियाचा खर्च त्यात धरायचा असतो. भलत्याच नावाने चाललेल्या पेजचा खर्च कुणाच्या हिशेबात लागतो, हा पत्रकाराने विचारायचा प्रश्न आहे. उत्तर नाही मिळालं तरी बातमी होते.

गूगलचंही असंच जाहिरात पारदर्शकता केंद्र आहे. यूट्यूबवरच्या राजकीय जाहिराती तिथे सापडतात. गल्लीच्या निवडणुकीत त्याचा उपयोग कमी, लोकसभा-विधानसभेला बरा.

गूगल ट्रेंड्स: पाच मिनिटांत उरकायचं काम

ट्रेंड्सवर दोन नेत्यांची नावं टाकून ज्याची रेघ वर तो पुढे, असा व्हिडिओ बनवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात पोकळ. ती रेघ शोधांची संख्या दाखवत नाही. त्या काळातला सर्वांत जास्त शोध १०० धरून बाकी सगळं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं, तेही नमुन्यावरून. शोध थोडे असले तर थेट शून्य येतं. राज्य पातळीच्या नावाला चालून जातं, शहराच्या पातळीवर रेघ उड्या मारायला लागते आणि नगरसेवकाचं नाव टाकलं तर पान कोरंच. शिवाय माणूस गूगलवर नाव कधी शोधतो? उमेदवारी नवीन असली की, भानगड निघाली की. ज्याला तो वीस वर्षं मत देतोय त्याचं नाव शोधायची त्याला गरजच काय?

वापरायचंच तर 'मतदार यादीत नाव' यासारखे शोध कधी चढतात ते बघा. त्यावरून माहिती देणारे व्हिडिओ कधी टाकायचे हे चॅनेलवाल्याला ठरवता येईल. एवढंच.

व्हॉट्सॲप: जिथे खरं चालतं आणि जिथे शिरता येत नाही

सोलापुरात निवडणूक मोबाईलवर कुठे होत असेल तर ती व्हॉट्सॲपवर. यंत्रमाग कारखान्यातल्या कामगारांचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, समाजाचा, देवस्थानाचा, सोसायटीच्या पाण्याचा. इथे काय चाललंय त्याचा कुठलाही 'डेटा' बाजारात मिळत नाही, कारण संदेश कुलूपबंद असतात आणि कंपनीलाही वाचता येत नाहीत. 'आम्ही व्हॉट्सॲपचं ॲनालिसिस देतो' असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्याची माणसं काही ग्रुपमध्ये घुसलेली आहेत.

तुम्हाला करता येण्यासारखं एक काम आहे. ओळखीच्या, वेगवेगळ्या वस्तीतल्या दहा-बारा जणांना सांगा की राजकीय फॉरवर्ड आला की मला पाठवा. नंबर नको, ग्रुपचं नाव नको, फक्त मजकूर. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का त्यावर असेल तर त्याची नोंद करा. असा संदेश २०२०पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे ढकलता येतो, तरीही तो तुमच्यापर्यंत पोचला असेल तर त्याला बरेच हात लागलेत. दत्त नगरातल्या विणकराकडे आणि मोहोळच्या शेतकऱ्याकडे एकाच आठवड्यात तोच फॉरवर्ड आला, तर तो वरून सोडलाय असा संशय घ्यायला जागा आहे. किती मतं फिरली ते मात्र यातून कळणार नाही. आणि ग्रुपमधल्या लोकांना न सांगता त्यांच्या गप्पा उतरवून प्रकल्पात छापायच्या, हे करू नका. गाव लहान आहे, भाषेवरून माणूस ओळखू येतो.

फॉर्म २०: वाकड्या पीडीएफमधलं सोनं

आता मुख्य गोष्ट. लोकसभा किंवा विधानसभेचा निकाल लागला की निवडणूक निर्णय अधिकारी फॉर्म २० नावाचा अंतिम तक्ता करतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते: केंद्र क्रमांक, मग प्रत्येक उमेदवाराची मतं, वैध मतांची बेरीज, नोटा. टपाली मतं शेवटी वेगळी, ती कुठल्याच बूथला चिकटवता येत नाहीत. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर हे तक्ते मिळतात. पुष्कळदा स्कॅन केलेले, कधी तिरके, कधी पानाच्या घडीत आकडा गेलेला.

ते एक्सेलमध्ये उतरवायचे. यंत्राने वाचवून घेतले तरी प्रत्येक पानाची बेरीज तक्त्यातल्या बेरजेशी जुळवायची. ३ चा ८ होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हे मी उगाच सांगत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये एका नामवंत संशोधन संस्थेच्या अभ्यासकाने महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांची मतदारसंख्या लोकसभा आणि विधानसभेदरम्यान प्रचंड बदलल्याचे आकडे एक्सवर टाकले. तक्त्याच्या ओळी चुकीच्या वाचल्या गेल्याचं कळल्यावर पोस्ट काढून जाहीर माफी मागावी लागली. तोवर ते आकडे सगळीकडे पोचले होते.

दुसरी पायरी म्हणजे केंद्र क्रमांकाला जागा जोडणं. यासाठी मतदान केंद्रांची यादी लागते: अमुक शाळा, खोली क्रमांक २, त्यात कुठल्या गल्ल्या. दोन निवडणुकांत क्रमांक बदलतात, म्हणून २०१९चा १४० आणि २०२४चा १४० एकच असं धरून चालू नका. शाळेच्या नावावरून आणि गल्ल्यांवरून जुळवा. ज्या बूथच्या गल्ल्या फुटून दोन केंद्रांत गेल्यात ते सरळ एकत्र करून मोजा.

एवढं केलं की मग बघा काय दिसतं ते. २०२४मध्ये एका केंद्रावर साधारण दीड हजारांपर्यंत मतदार होते. म्हणजे एक ओळ ही जवळजवळ एक वस्ती. चादरीच्या कारखान्यांमागची गल्ली, विडी कामगारांची वसाहत, बंगल्यांची सोसायटी, सगळं वेगवेगळं वाचता येतं. २०१९ची लोकसभा घ्या. भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी १,५८,६०८ मतांनी जिंकले, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे दुसरे आणि वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मतं. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराची मतं मताधिक्यापेक्षा जास्त. २०२४ला वंचितच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. मग २०१९ला ज्या बूथवर वंचितला भरभरून मतं होती तिथे २०२४ला कुणाची मतं वाढली? 'ती सगळी काँग्रेसला गेली' हे वाक्य चहाच्या टपरीवर फुकट मिळतं. फॉर्म २० घेऊन बसलात तर कुठल्या बूथवर गेली आणि कुठे मतदानच घटलं, ते बघता येतं. एक धोका लक्षात ठेवा: बूथवर मतं वाढली म्हणजे त्याच माणसांनी बाजू बदलली असं नाही. कुणी आलं नाही, कुणी नव्याने आलं, कुणी गाव सोडलं. बूथचा आकडा माणसाचं मन सांगत नाही.

ही मर्यादा किती टोकाला जाऊ शकते ते आपल्याच जिल्ह्याने देशाला दाखवलं. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत विधानसभेच्या मोजणीत राम सातपुते यांना १,००३ आणि उत्तम जानकर यांना ८४३ मतं निघाली. तालुक्यातून जानकर निवडून आले होते, तरी गावातल्या जानकर समर्थकांना हा आकडा पटेना. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. मग नेते आले, कॅमेरे आले, आठवडाभर गाव देशभरच्या मोबाईलवर होतं. दोन्ही बाजूंनी हवा तो अर्थ काढला. तक्ता सांगतो काय मोजलं गेलं ते. गावाला आपण काय मत दिलं असं वाटतं, ते तक्त्यात नसतं. एवढ्याचसाठी माणसांशी बोलावं लागतं, आणि मारकडवाडीविषयी सर्वांत जास्त पोस्ट लिहिणाऱ्यांनी तेच केलं नव्हतं.

महापालिकेसाठी ही रीत थोडी बदलते. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभेची यादी प्रभागांत फोडून वापरली जाते, केंद्रं वेगळी पडतात. २०१७ला १०२पैकी ४९ जागा भाजपला मिळाल्या, तेव्हा बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. म्हणजे एका मतदाराने चार बटणं दाबली. प्रभागाचा तक्ता मिळवा आणि एकाच पक्षाच्या अ, ब, क, ड या चारही उमेदवारांची मतं शेजारी शेजारी ठेवा. चौघांत तफावत पडली तर ती पक्षाची नाही, त्या माणसाची मतं आहेत. ज्या भाच्याला मामाचं वजन मोजायचंय त्याला याहून चांगलं माप कुठलीही एजन्सी देणार नाही.

दारोदारचा सर्व्हे

फॉर्म २० मागचं सांगतो, आजचं नाही. आजचं कळायला दारावरच जावं लागतं. इथे लोक दोन चुका करतात. पहिली, गूगल फॉर्म करून ग्रुपवर टाकणं. तीन हजार जणांनी भरला म्हणून तो मोठा होत नाही, कारण ज्यांच्या ग्रुपवर गेला त्यांच्यासारख्यांनीच भरला. दुसरी, राज्याच्या सर्व्हेवरून सोलापूर काढणं. १ जून २०२४च्या संध्याकाळी जवळपास सगळ्या एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या आसपास किंवा वर नेलं होतं. आल्या २९३. देशाचं हे, तर प्रभागाचं काय घ्या!

त्यापेक्षा प्रभागाची यादी घ्या आणि ठराविक अंतराने नावं काढा: पहिलं नाव चिठ्ठीने, मग तेवढ्याच अंतरावरचं पुढचं. अशी चारशे माणसं खरोखर भेटली तर टक्केवारीत साधारण पाच इकडे-तिकडे एवढा फरक धरायचा. दोन उमेदवारांतलं अंतर मोजताना तो जवळपास दुप्पट. म्हणजे अंतर सहा टक्के आलं तर 'आपण पुढे' म्हणू नका. दार बंद असेल तर शेजारच्याला विचारून काम उरकायचं नाही, परत जायचं. विडी वळणाऱ्या बायका दुपारी घरी असतात, कारखान्यातली माणसं पाळी बदलल्यावर भेटतात. फक्त संध्याकाळी सहा ते आठ फिरलात तर अर्धं शहर सुटलं. पूर्व भागात तेलुगू बोलणारी मुलगी बरोबर असली की दारातलं उत्तर आणि घरातलं उत्तर यातला फरक कमी होतो. आणि पक्षाचा गमजा घालून सर्व्हे करायचा नाही, हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण येते.

तर कुणी काय घ्यावं

विद्यार्थी असाल तर 'सोशल मीडियाचा प्रभाव' हा विषय सोडा. प्रभाव मोजायला जे लागतं ते तुमच्याकडे नाही. त्याऐवजी एका विधानसभेचे दोन निवडणुकांचे फॉर्म २० आणि त्याच काळातल्या ॲड लायब्ररीच्या जाहिराती घ्या. कुठल्या विषयावर पैसा लागला आणि कुठल्या वस्तीत मतं हलली, हे दोन तक्ते शेजारी ठेवा. कारण-परिणाम सांगू नका, नुसतं ठेवा. गाईड खूश होईल आणि परीक्षकाला विचारायला काही उरेल.

उमेदवाराचे नातेवाईक असाल तर एजन्सीचे पैसे वाचवा. प्रभागाचा जुना तक्ता आणि चारशे दारं, यातच घाला. सोशल मीडिया ठेवा, पण तक्रारी ऐकायला. आडनावावरून जात ओळखून मतांचा हिशेब देणारं सॉफ्टवेअर हल्ली विकायला येतं. आपल्याकडे एकच आडनाव तीन समाजांत सापडतं. त्याच्या नादी लागू नका.

चॅनेलवाल्यांना ॲड लायब्ररी आणि प्रतिज्ञापत्रं यातच महिनाभराच्या बातम्या आहेत. लोकांना आवडतात म्हणून 'कोण जिंकणार' असे पोल तुम्ही टाकणारच. टाका, पण खाली 'हा सर्व्हे नाही' एवढं लिहा. आणि लोकसभा-विधानसभेला मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत असे अंदाज दाखवायला मनाई करणारं लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम १२६ लागू असतं, एक्झिट पोलला कलम १२६अ. मनाई केलेल्या काळात एक्झिट पोल दाखवला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अनेक टप्प्यांत निवडणूक असेल तर तुमच्याकडचं मतदान झालं म्हणून मोकळीक मिळत नाही, शेवटचा टप्पा संपून अर्धा तास जावा लागतो. २०२४ला सोलापूरचं मतदान ७ मेला झालं आणि एक्झिट पोल दाखवायची परवानगी १ जूनच्या संध्याकाळी. मधले साडेतीन आठवडे 'आमच्या चॅनेलचा अंदाज' असा थंबनेल लावायचा मोह आवरलाच पाहिजे.